खाणीच्या अपघातातून वाचलेल्या माणसाला मुंबईत घरी आणताना

बाबांना काळाचौकीच्या घरी आणलं, त्याच्या चौथ्या रात्री टकटक आवाजाने मला जाग आली. बघते तर बाबा स्टुलावर उभे. हातात आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची काठी. तिच्या टोकाने छताला ठोकायचे, कान द्यायचे, हातभर पुढे सरकून पुन्हा ठोकायचे. मी धावत जाऊन स्टूल धरलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, हे काय चालवलंय? खाली उतरा आधी." ते उतरले. काठी कोपऱ्यात ठेवली, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

माझ्याकडून चुका झाल्या त्या तिथून सुरू झाल्या. वणी, घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर, उमरेड, सावनेर या कोळशाच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी मुंबईत नोकरीला आहे. तिकडे खाणीत काही घडलं, की काही महिन्यांनी वाचलेला बाप, भाऊ किंवा नवरा गेलेली बहीण इकडे येते. जागा बदलली की बरं वाटेल, असं सगळे म्हणतात. मग दहा बाय पंधराच्या खोलीत ते माणूस खिडकीशी बसून राहतं आणि आपल्याला कळत नाही काय करावं. बाबा नऊ वर्षं आमच्याकडे होते. त्या नऊ वर्षांत जे कळलं, ते अशा घरांसाठी लिहिते आहे.

आधी त्यांचं काम समजून घ्या

बाबा मायनिंग सरदार होते. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी आपल्या वाट्याचा भाग फिरून बघायचा, वायू साठलाय का तपासायचं, छत वाजवून बघायचं आणि मगच माणसं पुढे सोडायची, हे सरदाराचं काम. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताला धरून राहतो, म्हणून सेफ्टी लॅम्प वर नेऊन ज्योत बघतात. छत काठीने ठोकतात. घट्ट असेल तर टणक वाजतं, आतला थर सुटला असेल तर भद्द, पोकळ. एक पंजा छताला टेकवून दुसऱ्या हाताने ठोकलं तर सुटलेल्या थराची थरथर बोटांना कळते. सरदाराच्या वर ओव्हरमन, त्याच्या वर अंडर मॅनेजर, त्याच्या वर मॅनेजर. पण कामगाराला "जा" म्हणणारा शेवटचा आवाज सरदाराचा असतो.

अपघाताच्या दिवशी बाबांच्या भागात डिपिलरिंग चालू होतं. कोळसा काढताना छताला आधार म्हणून मधे मधे कोळशाचेच खांब सोडलेले असतात. शेवटी ते खांबही काढत काढत मागे यायचं आणि रिकामी झालेली जागा, जिला गोफ म्हणतात, ती कोसळू द्यायची. म्हणजे छत पडणार हे ठरलेलंच असतं, फक्त ते माणसांच्या बाजूला येऊ नये यासाठी टेकू, बोल्ट आणि सगळी राखण. बाबांनी सकाळी छत वाजवलं होतं. आवाज बरोबर होता. एक गडी गैरहजर होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या ठिकाणच्या एका तरुण मुलाला तिथं पाठवलं. अडीच तासांनी छत खाली आलं. दोघं गेले, त्यांतला एक तो मुलगा. पाळी सुटल्यावर लॅम्प रूममध्ये दोन नंबरांचे दिवे जमा झाले नाहीत.

हे सगळं मला तेव्हा तुकड्यातुकड्यांनीच माहीत होतं. छत वाजवणं म्हणजे काय हे ठाऊक असतं, तर त्या रात्री मी स्टूल धरून गप्प उभी राहिले असते.

म्हणून पहिलं काम हे, की तुमच्या माणसाची ड्युटी नेमकी काय होती ते विचारून घ्या. प्रत्येक कामाची बोचणी वेगळी असते. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंप खलाशाला वाटतं पाण्याचा आवाज मला आधी यायला हवा होता. हजेरी बाबूने नाव लिहिलेलं असतं, लॅम्प रूमवाल्याने दिवा हातात दिलेला असतो. आणि ज्याने त्या दिवशी दांडी मारली, त्याच्याकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. आमच्या गावात तो गैरहजर गडी पुढे वर्षभर बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडला नाही. गाव लहान. गेलेल्याचं क्वार्टर आणि वाचलेल्याचं क्वार्टर एकाच ओळीत, नळ एक, किराणा दुकान एक. कोणी भांडत नाही, पण नळावर बाई आली की दुसरी हंडा अर्धाच भरून निघून जाते.

प्रवासातच सुरुवात होते

अपघातानंतर निवृत्तीपर्यंतचे आठ महिने बाबांनी वरच, जमिनीवरच्या कामात काढले. त्या काळात जबाब, चौकशी, पुन्हा जबाब. मग क्वार्टर सोडायचं होतं. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेसने त्यांना घेऊन निघाले.

कसारा घाटात बोगदे लागतात हे मी लहानपणापासून बघत आले होते, आणि तरी मला सुचलं नाही. पहिला बोगदा आला, डब्यातले दिवे बंद होते. बाबांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी पिचकली. अंधारातच म्हणाले, "किती मानसं हायेत डब्यात?" मी म्हटलं, "बाबा, बोगदा आहे, आत्ता संपेल." त्यांनी पुन्हा तेच विचारलं. उजेड आला तेव्हा ते डब्यातली माणसं मोजत होते, बोटाने.

तेव्हा इगतपुरी सुटली की आधी सांगा, आता बोगदे येतील, इतके इतके मिनिटं. मोबाइलचा टॉर्च त्यांच्या हातात द्या, तुमच्या नको. ठाण्याच्या अलीकडे पारसिकचा बोगदा येतो, तो सव्वा किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा पुन्हा सांगा. आणि ते मोजत असतील तर तुम्हीही मोजा. आता मुंबईत भुयारी मेट्रोही आली आहे. पाहुण्याला दाखवायची हौस असते, पण त्यांनी स्वतः विचारल्याशिवाय नेऊ नका. लिफ्टचंही तसंच. चार मजले चढायला लागले तरी चालतील.

एक गोष्ट आपल्याकडचीच. मुलीच्या घरी बापाने राहायचं नसतं, हे बाबांच्या हाडात होतं. अपघाताच्या ओझ्यावर हे आणखी एक. पहिल्या महिन्यापासून ते दुधाच्या पिशवीचे पैसे रोज सकाळी मीठाच्या बरणीखाली ठेवायचे. मी आठवडाभर परत देत राहिले. आबा मला म्हणाले, "घे ते. नाय घेतलंस तर तो उद्या चाय पिवचो नाय." मी घ्यायला लागले. तुम्हीही घ्या.

काय बोलू नये, आणि त्याऐवजी काय करावं

"तुमची काही चूक नव्हती." हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणायची. मनापासून म्हणायची. एकदा बाबा शांतपणे म्हणाले, "तू तिथं नव्हती ना व पोरी." त्यांचं खरं होतं. मी त्यांना सोडवत नव्हते, मला ऐकवत नव्हतं म्हणून विषय बंद करत होते. "देवाची मर्जी", "नशीब बलवत्तर म्हणून वाचलात", "आता नातवंडांत रमा" ही सगळी वाक्यं त्याच जातीची. "वाचलात" हे तर सगळ्यात वाईट, कारण त्यांच्या मनात तेच वाक्य उलटं फिरत असतं, की तो मुलगा गेला आणि मी वाचलो.

आबांनी यातलं काही म्हटलं नाही. आबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला, ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यात आबाही होते. एका संध्याकाळी त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, की तुमच्याकडे भोंगा कसा व्हायचा? बाबा म्हणाले, पाळीचा वेगळा आणि अपघाताचा वेगळा. अवेळी भोंगा झाला की सगळ्या क्वार्टरांतल्या बायका भाजी तशीच टाकून खाणीच्या तोंडाशी धावतात. त्यावर आबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, की संप चालू असताना एका सकाळी ते कामावर परत गेले होते. घरात दाणा नव्हता. शेजारच्या खोलीतला त्यांचा दोस्त गेला नाही, आणि त्या घराची पुढे दैना झाली. मी त्या घरात सून म्हणून वीस वर्षं होते, नवरा तर तिथंच वाढलेला, आणि हे आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी आबांना "तुमची चूक नाही" म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग तो दोस्त भेटला का कधी इवाई?" इवाई म्हणजे व्याही.

त्या रात्रीपासून बाबा बोलायला लागले. मला यातून जे समजलं ते असं. सांत्वन करायला धावू नका. तुमच्याकडे तसलंच काही असेल, मनाला लागून राहिलेलं, तर ते खरं खरं सांगा. नसेल तर प्रश्न विचारा, आणि प्रश्न कामाबद्दल असू द्या. भावनेबद्दल विचारलं की त्या पिढीचा माणूस मिटतो. बाबांना पश्चिम बंगालमधल्या राणीगंजबद्दल बोलायला आवडायचं. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या महाबीर खाणीत पाणी घुसलं, तेव्हा वरून भोक पाडून पोलादी कॅप्सूल सोडली होती आणि अभियंता जसवंत सिंग गिल स्वतः तिच्यातून खाली उतरले होते. ६५ माणसं एकेक करून वर आली. बाबा हे तासभर सांगायचे, आणि मग आवाज खाली आणून सांगायचे, की सहा आधीच गेले होते. त्या सहांवर आले की त्यांच्या स्वतःच्या दोघांवर यायला वेळ लागायचा नाही. दुसऱ्याच्या खाणीतून आपल्या खाणीत यायची त्यांची ती वाट होती. तुमच्या माणसाचीही अशी एखादी वाट असेल, ती शोधा.

तो दिवस वहीत उतरवा

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. दोनशे पानी वही घरात असतेच. बाबा तो दिवस सांगायला लागले की दर वेळी थोडा वेगळा सांगायचे, आणि दर वेळी त्यांची चूक थोडी मोठी झालेली असायची. म्हणून मी विचारलं, लिहून घेऊ का? त्यांना जबाब देऊन देऊन लिहिण्याची चीड आली होती. मी म्हटलं, हा कोणाला द्यायचा नाही.

वहीचं पान मधे घडी घालून घेतलं. डावीकडे त्या क्षणी बाबांना काय माहीत होतं ते, उजवीकडे नंतर काय कळलं ते. सकाळी छत वाजवलं, आवाज टणक, हे डावीकडे. वरच्या थरात आधीच फट असणार असं चौकशीच्या वेळी बोललं गेलं, ते उजवीकडे. दोन महिने लागले. रोज नाही लिहायचो, रविवारी दुपारी, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि नंतर दोघं म्हातारे खाली फेरी मारून यायचे. हळूहळू बाबांना दिसायला लागलं, की उजवीकडची बरीचशी ओझी त्यांनी उचलून डावीकडे नेली होती. नंतर कळलेलं सगळं आपल्याला आधीच कळायला हवं होतं, अशा हिशेबाने ते स्वतःला रोज शिक्षा देत होते.

पण एक ओळ डावीकडेच राहिली. त्या मुलाला तिथं पाठवलं ते बाबांनी. ती ओळ पुसायचा मी खूप प्रयत्न केला, कोणीतरी पाठवायलाच लागणार होतं वगैरे. बाबांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली. तेव्हा मी थांबले. जे खरंच त्या माणसाचं आहे ते त्याच्याकडे राहू द्या. ते काढून घेतलं तर त्या मुलाशी असलेला शेवटचा धागाही जातो, असं मला आज वाटतं. फक्त त्या एका ओळीला इतर सगळी ओझी चिकटू देऊ नका.

दोष कुठपर्यंत पोचतो

शाळेत एकदा एबरफॅनबद्दल वाचलं. वेल्समधलं कोळशाचं छोटं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी, डोंगरावर रचलेला, खाणीतल्या टाकाऊ मालाचा सात नंबरचा ढिगारा घसरून खालच्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. सत्राच्या मधे येणाऱ्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. ज्या आयांनी कुरकुरणाऱ्या पोरांना "जा रे, आजचाच दिवस आहे" म्हणून पाठवलं होतं, त्या पुढे आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिल्या. वाचलेली मुलं रस्त्यावर खेळायची नाहीत, कारण खेळताना बघून शेजारच्या घरातल्या आईला काय वाटेल. ढिगारा झऱ्यावर रचला होता. चौकशी आयोगाने १९६७ मध्ये नॅशनल कोल बोर्डाला जबाबदार धरलं. आणि उरलेले ढिगारे हलवायला पैसे कमी पडले, तेव्हा लोकांनी मृतांच्या घरांसाठी जमवलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग त्या बोर्डातल्या कोनाले झोप नाही आली, असं लिवलं का त्यात?" तसं काही मी वाचलं नव्हतं.

म्हणून सांगते, अपघाताची चौकशी झाली असेल तर तिचा निष्कर्ष काय हे घरच्यांनी समजून घ्या. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करून चौकशीचे कागद मागता येतात. सरदाराच्या वर किती सह्या होत्या, टेकूंची मागणी कोणी कधी केली होती, हे कागदावर वाचलं की साखळीतला शेवटचा माणूस स्वतःला सगळी साखळी समजायचं थोडं कमी करतो. थोडंच. पण तेही पुष्कळ.

हाताला काम

आमची इमारत जुनी, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. जिन्याखाली आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत टेकू लावलेले. मुंबईत असे टेकू आपल्याला दिसेनासे होतात, बाबांना पहिल्याच दिवशी दिसले होते. ते प्रत्येक टेकूला हात लावून बघायचे, वर पाचर घट्ट आहे का. त्या चौथ्या रात्रीचं कोडं मला पहिल्या पावसात उलगडलं. शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात पोपडे पडायला लागले. बाबा काठी घेऊन गेले, छत वाजवलं आणि खडूने एक गोल काढला. म्हणाले, एवढं सुटलंय, याच्याखाली कोणी बसू नका. मिस्त्री आला, त्या गोलावर हातोडी मारली आणि दोन घमेली प्लास्टर खाली आलं.

त्यानंतर लोक बोलवायला लागले. मला आनंद झाला, पण लगेच हात आखडता घेतला नाही ही चूक झाली. बाबा रोज फिरायला लागले, मग रात्री. सगळ्या इमारतीची छतं त्यांनी अंगावर घेतली. एका घरात त्यांनी ठीक म्हटलेल्या जागी चार दिवसांनी तळहाताएवढा तुकडा पडला, कोणाला काही झालं नाही, आणि बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मग आबांनी नेम घालून दिला. फक्त रविवारी सकाळी, फक्त दोन घरं, दोघं मिळून, आणि शेवटचा शब्द मिस्त्रीचा. हाताला काम द्या, पण ज्या कामात पुन्हा एकट्यावर निकाल येतो ते तसंच देऊ नका.

आवाज आणि तारखा

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातली जहाजं एकदम भोंगे वाजवतात. काळाचौकी, शिवडी, माझगावला ते घरात ऐकू येतात. आम्हाला त्यात नवीन काही नाही. त्या वर्षी बाबा उठून बसले, बूट शोधायला लागले. पुढच्या वर्षापासून आम्ही आधी सांगायचो आणि पावणेबाराला सगळे जागे राहून चहा करायचो. लालबागचे ढोल चालले, कारण ते तासभर आधीपासून ऐकू येतात. अचानक वाजणारं काहीच नको.

तारखाही लक्षात ठेवा. आजोबा मध्य प्रदेशातल्या परासियाच्या बाजूचे. १० डिसेंबर १९५४ ला तिथल्या न्यूटन चिकली खाणीत पाणी शिरून साठच्या वर माणसं गेली. आजी त्या तारखेला दिवा लावायची. बाबांच्या तारखेला आम्हीही दोन दिवे लावायला लागलो. न बोलता दिवस काढण्यापेक्षा हे सोपं जातं.

एक तारीख मात्र मला उशिरा कळली. कोळसा कामगारांचं पेन्शन कोल माइन्स प्रॉव्हिडंट फंडाकडून येतं. मुंबईतल्या साध्या पीएफ ऑफिसात त्याचं काम होत नाही, तिथं खेपा घालू नका. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, असं सही करून सांगायचं. दाखला दिल्यावर बाबा आठवडाभर गप्प असायचे. बँकेत त्यांना एकटं पाठवू नका, आणि त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका.

डॉक्टर

खोकला दुःखाचा नसतो. छातीचा एक्स-रे आधी काढा, कोळशाच्या धुळीने फुप्फुसं जातात. झोप महिनाभर येत नसेल, पिणं वाढलं असेल, आवराआवर आणि निरवानिरवीची भाषा सुरू झाली असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कोणी ते करत नाही. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. परळला केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. बाबा "मी वेडा नाही" म्हणाले, तेव्हा मी झोपेच्या तक्रारीचं निमित्त केलं. गोळ्यांनी झोप आली, आणि झोप आल्यावर वहीचं काम पुढे सरकलं.

त्या घरी जाणं

हे शेवटी ठेवलं, कारण आम्हाला इथपर्यंत यायला तीन वर्षं लागली.

त्या मुलाच्या बायकोला अनुकंपा नोकरी लागली होती. तेव्हा बायकांना जमिनीखालच्या कामावर घेत नसत, म्हणून तिला वर, लॅम्प रूममध्ये दिलं. ज्या खिडकीतून तिचा नवरा दिवा घ्यायचा, त्याच खिडकीतून ती आता पाळीच्या माणसांना दिवे द्यायची. गावात बोलणारे बोलायचे, पगार चांगला आहे म्हणून. त्या पगाराचा घास तिला कसा जात असेल, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मला जायचं आहे.

आधी निरोप पाठवा, अचानक दारात उभे राहू नका. नको म्हणाली तर थांबा. सणाला, स्मृतिदिनाला जाऊ नका, त्या दिवशी तिचं घर भरलेलं असतं. पैसे किंवा साडी नेऊ नका, त्याने हिशेब मिटवायला आल्यासारखं होतं. आणि माफी मागायला जाऊ नका. माफी मागितली की ती देण्याचं काम तिच्यावर येतं.

बाबांनी वही नेली होती, उघडली नाही. ती पाट्यावर बसली, आम्हाला पाणी दिलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तिने विचारलं, "काका, त्यायनं खाल्लं होतं का सकाळी?"

मी दचकले. एवढ्या जबाबांत, चौकशांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. घरातून निघाल्यापासून छत येईपर्यंतचे ते तास फक्त बाबांकडे होते.

"खाल्लं होतं," बाबा म्हणाले. "खाली उतरायच्या आंधी डबा उघडला. जवसाची चटनी होती. मले बी देल्ली. म्हने, काका, तिखट आहे, जपून."

ती पदर तोंडाला लावून रडली, आणि मग म्हणाली, "तिखट झाली होती त्या दिवशी. मले मालूम होतं." तिने आणखी विचारलं. कोणाशी बोलत होते, हसले होते का, अंगात कोणता सदरा होता. बाबांनी तिने विचारलं तेवढंच सांगितलं, छताचं काही सांगितलं नाही. तिने ते विचारलं नव्हतं.

तुमच्या माणसाकडेही असे कोणाचे तरी शेवटचे तास असतील. ते आधी लिहून ठेवा, कपड्यांसकट, डब्यासकट. मग वाट बघा. आम्ही निघालो तेव्हा तिने बाबांना एका पुडीत जवसाची चटणी बांधून दिली, आणि गाडीत वर्ध्यापर्यंत ती पुडी त्यांच्या मांडीवरच होती.